रिकामा पाट

सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणं म्हणजे सासुरवास होता. फरक इतकाच, की सासूला निदान नातवंडाची तरी घाई असते. सरांना कशाचीच घाई नव्हती. माझ्या आधीची मुलगी त्यांच्याकडे आली तेव्हा तिचं लग्न ठरत होतं, आणि सुटली तेव्हा तिची लेक पहिलीत जात होती. हे सगळं मी ऐकून होते, तरी गेले. कारण एक्स-रेचं ते मशीन आमच्या भागात त्यांच्याकडेच होतं, आणि धुळ्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून शिकवून मला वीट आला होता. कायमची नोकरी हवी तर पीएच.डी. हवी, पीएच.डी. हवी तर सरांची सही हवी. इतकं साधं गणित होतं.

सर जळगावातच पिंप्राळ्याहून स्कूटरवर कॉलेजला यायचे. स्कूटर झाडाखाली लावली तरी हेल्मेट उतरायचं नाही. ते घालूनच व्हरांडा ओलांडायचे, जिना चढायचे, खुर्चीत बसायचे, आणि वर छताकडे एकदा नीट बघून मग काढायचे. स्कूटर माझ्या ताब्यात असते, कॉलेजचा स्लॅब नसतो, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांनाही तोंडावर सांगितलं होतं. म्हणून सर विभागप्रमुख म्हणूनच म्हातारे झाले, प्राचार्य काही झाले नाहीत. विद्यार्थ्यांना ते 'तू' म्हणायचे. 'तुम्ही' म्हणाले की समजायचं, आपली शंभरी भरली.

आता आमच्या मशीनबद्दल. एक्स-रे म्हटलं की लोकांना हाडं आठवतात. अमळनेरजवळच्या आमच्या गावात माझ्या संशोधनाची बातमी पोचली आणि आठ दिवसांत एक चुलत आत्या गुडघा घेऊन दारात हजर. "तुन्हा मशीनमा हाडं दखातस ना?" म्हणाली. मी सांगितलं, अक्का, आम्ही प्लॅस्टिकचा एक्स-रे काढतो. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की पुढचे दोन दिवस घरात माझ्याच तब्येतीची चौकशी चालू होती.

पण काढायचो आम्ही प्लॅस्टिकचाच. प्लॅस्टिकची पातळ फिल्म म्हणजे आत शेवयांचा गुंता असतो. लांबच लांब रेणू, एकमेकांत अडकलेले. फिल्म दोन्ही बाजूंनी धरून ओढली की त्या शेवया काठीवर वाळत घातल्यासारख्या सरळ होतात आणि जागोजाग थर लावून शिस्तीत बसतात. एक्स-रे त्या थरांवरून ठरावीक कोनांनी परततात आणि आलेखावर त्या त्या कोनाला एकेक टोक उभं राहतं. (प्रयोगशाळेत त्याला आम्ही पीक म्हणायचो, पण शेतकऱ्याच्या घरात तो शब्द काढायची सोय नाही.) प्रत्येक टोकावरून थरांमधलं एक अंतर कळतं. अशी पुरेशी अंतरं जमली की रेणूंची राहायची खोली किती लांब, किती रुंद, किती उंच हे मांडता येतं. यालाच स्फटिकाची रचना काढणं म्हणतात. सांगायला तीन मिनिटं लागतात, करायला तारुण्य जातं.

फिल्मही आम्हीच करायचो. काचेवर द्रावण ओतायचं, सारखं पसरायचं, वाळलं की अलगद सोलायचं. सरांच्या मते ही विद्या पुस्तकात नाही. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला स्वतःच्या गच्चीवर पाठवलं, काकूंच्या हाताखाली बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, घालायला. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर पसरायचं, कडेला जाड नको, मध्ये फाटायला नको. जळगावचा एप्रिल, डोक्यावर ऊन आणि पायाखाली तवा. चार दिवस मी असं उच्च दर्जाचं संशोधन केलं. वाळलेल्या बिबड्यांचे डबे गच्चीवरच्या खोलीत एका जुन्या लाकडी पाळण्यात रचून ठेवायचे होते. घरात मूल कधी दिसलं नव्हतं, म्हणून मी काही विचारलं नाही, काकूंनी काही सांगितलं नाही. काकूंची वर्षाची बेगमी झाली आणि सरांनी विभागभर सांगितलं, मुलीचं प्रशिक्षण चालू आहे. मी आतल्या आत धुमसत होते. संताप याचा, की त्यानंतर माझी एकही फिल्म फाटली नाही.

आलेख घेऊन गेलं की सर चष्मा कपाळावर चढवायचे, एकेका टोकावर पेन्सिल टेकवायचे आणि विचारायचे, "हा पाहुणा कोणाकडचा?" लग्नाच्या पंगतीत एखादा अनोळखी माणूस बसलेला असतो ना, तसं. मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा, आणि तो आपला तिसऱ्यांदा वरण-बट्टी मागून घेत असतो. आलेखावरही असले आगंतुक असतात. टोक फिल्मचं आहे, खालच्या धातूचं आहे की चिकटपट्टीचं आहे हे सांगता आलं नाही, तर सर कागद परत करायचे. आधी पाहुणे ओळखून ये, मग पंगतीला बोलव, म्हणायचे.

एकदा पुण्याहून एक मोठे प्राध्यापक व्याख्यानाला आले. पडद्यावर त्यांचे रंगीत आलेख, पहिल्या रांगेत आमचे सर, मांडीवर हेल्मेट. मध्येच उठून त्यांनी विचारलं, डावीकडून चौथा पाहुणा कोणाकडचा. प्राध्यापक हसून म्हणाले, नवं रूप असावं, म्हणजे रेणूंच्या मांडणीची नवी तऱ्हा. सरांनी विचारलं, नमुना कशाने चिकटवला होता. मुलांच्या खेळण्यातल्या रंगीत मातीने, प्राध्यापक म्हणाले. मग हे रूप खेळण्यांच्या दुकानातही मिळेल, सर म्हणाले आणि खाली बसले. सगळं सभागृह हसलं. पाहुण्यांसाठी खास शेवभाजी सांगून ठेवली होती, ते न जेवताच गाडीत बसले. शेवभाजी आम्ही खाल्ली आणि सर दोन दिवस सगळ्यांशी गोड बोलत होते.

आता या थोर परीक्षकाच्या, म्हणजे आमच्या सरांच्या, खुर्चीमागे भिंतीवर एक चौकट होती. देवाची नव्हे. देवाबद्दल सरांचं मत स्लॅबसारखंच होतं. चौकटीत होता त्यांचा स्वतःचा शोधनिबंध, तरुणपणी परदेशी नियतकालिकात छापून आलेला. आमच्या प्लॅस्टिकची तीन रूपं जगाला ठाऊक होती, चौथं सरांनी शोधलं होतं. ताणलेल्या फिल्मच्या आलेखावर साडेएकोणतीस अंशांच्या जरा अलीकडे एक बारीक, टोकदार पाहुणा. हे रूप मोठं नाजूक होतं. दसऱ्यानंतर ठसठशीत दिसायचं, संक्रांतीला अंग चोरायचं, होळीपर्यंत गायब. रेणू सावकाश सैलावतात, असं सरांनी लिहिलं होतं. हे रूप जगात दुसऱ्या कुणालाही मिळालं नाही. सरांकडे त्याचं उत्तर तयार होतं: त्या लोकांनी बिबड्या घातलेल्या नाहीत.

या चौथ्या रूपाची पुरती रचना काढायची, हा माझा विषय. तीही एका टोकावरून. शितावरून भाताची परीक्षा होते हो, पण एका शितावरून कुणी शेताची मोजणी करत नाही. तीन वर्षं मी खोल्या बांधत होते, लांबट, आखूड, तिरक्या. या टोकाला एका खोलीत जागा करून दिली की तिथे आणखी दोन टोकं दिसायला हवीत, ती कधी दिसली नाहीत. सर म्हणायचे, तुम्ही मनापासून शोधत नाही. तुम्ही! मी गुपचूप फिल्मचा तुकडा दुसऱ्या शहरातल्या एका मैत्रिणीच्या मशीनवर बघायला पाठवला. तिच्या आलेखात चौथ्याचा पत्ताच नव्हता. धीर करून सरांना दाखवलं. त्यांनी फिल्म कशी पाठवली ते विचारलं. एसटीने, म्हटलं. मग एसटीत हाडं सैलावतात तिथे रेणूंची काय कथा, असं म्हणून त्यांनी तो कागद खणात टाकला.

राहता राहिली पूजा. खंडेनवमीला आपल्याकडे लोक ट्रॅक्टर पुजतात, विळे-कोयते पुजतात. देव न मानणारे आमचे सर मशीन पुजायचे. ही श्रद्धा नाही, सेवा आहे, असं वर सांगायचे. एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेलं ते जुनं धूड. नमुना ज्या चौकोनी धातूच्या पट्टीवर ठेवायचा तिला सर पाट म्हणायचे. मशीन हा नुसता दिवा, खरा मान पाटाचा, कारण नमुना येऊन बसतो तो पाटावर. म्हणून त्या पाटावर ते चिमटीने शिरगोळ्याच्या, म्हणजे त्या मऊ दगडाच्या, पांढऱ्या रांगोळीचं एवढंसं फूल काढायचे. सुरेख काढायचे, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याची सुट्टी असताना, आम्हाला बोलावून घ्यायचे, फुंकर मारून फूल उडवायचे, रुमालाने पाट पुसायचे आणि वर्षाची पहिली फिल्म त्यावर ठेवायचे. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, तो वाया कसा घालवायचा? नाना म्हणजे आमचे प्रयोगशाळा सेवक, साक्रीकडचे, ते मशीनवर आपट्याची पानं ठेवायचे आणि आम्ही सोनं लुटून घरी जायचो.

तुम्हाला इथेच सगळं कळलं असेल. आम्हाला कळायला माझी तीन वर्षं आणि सरांची अख्खी नोकरी लागली. कारण कळायचा जो सोपा मार्ग होता तो आमच्याकडे बंद होता. फिल्म इतकी पातळ असते की एक्स-रे तिच्यातून आरपार जाऊन खालचंही बघतात. म्हणून आधी पाट रिकामा फिरवून बघायचा, त्यात जे दिसेल ते पाटाचं, फिल्मचं नव्हे. हे एम.एस्सी.ची पोरंसुद्धा करतात. पण आमच्या प्रयोगशाळेत सक्त मनाई. रिकामा पाळणा हलवू नये, रिकामा पाट फिरवू नये, असं सर म्हणायचे. कुणी फार विचारलं तर सांगायचे, मशीनची ट्यूब म्हातारी आहे, तिचे तास मोजके उरलेत. ते काही खोटं नव्हतं. पण गच्चीवरचा पाळणा मी पाहिला होता. त्यामुळे बाकी प्रत्येक गोष्टीवर सरांशी भांडणारी मी, या एका गोष्टीवर कधी बोलले नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर धुळ्याच्या कॉलेजात कायमच्या जागेची जाहिरात निघाली. माझाच विषय, माझंच कॉलेज. महिन्याभरात प्रबंध गेला तर जागा माझी होती. मी सरांपुढे उभी राहिले. रचना आली की सही, ते म्हणाले, आणि धुळ्यालाच कसल्याशा बैठकीला निघून गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तसं पाहिलं तर ओढूनताणून बसणारी एक खोली माझ्याकडे होती. चार ठिकाणी डोळेझाक केली असती तर चौथं रूप तिच्यात कोंबता आलं असतं, आणि ते बघून सरांनी पेढे वाटत सही केली असती. पण आजवर इतकं सोसलं ते खोटं लिहायला नाही, असं वाटत होतं. त्या रागातच संध्याकाळी मी पाट उचलला आणि रिकामा मशीनमध्ये ठेवला. नाना म्हणाले, ताई, रिकामा शे तो. म्हटलं, माहीत आहे.

आलेखाची रेघ सरपटत पुढे निघाली. वीस अंश, पंचवीस, अठ्ठावीस. आणि साडेएकोणतीसच्या जरा अलीकडे टोक उभं राहिलं. फिल्म नाही, प्लॅस्टिक नाही, रेणू नाहीत, आणि चौथं रूप मात्र हजर. नानांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा आणतो म्हणून बाहेर पडले.

मी पाट भिंगाखाली धरला. फिल्म खरवडून काढताना पाती घासून घासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यावर ओरखडे काढले होते, आणि प्रत्येक ओरखड्यात पांढरी रेघ बसली होती. रुमालाने काय निघणार होती ती? फिल्म बदलताना घासून हळूहळू निघायची, होळीपर्यंत संपायची. सुईने कणभर भुकटी काढली, वर ॲसिडचा थेंब सोडला. फसफसली. शिरगोळा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी आधी हसले. मग मला रडू आलं. तीन वर्षं मी रांगोळीसाठी खोल्या बांधत होते.

आणि मग जे मनात आलं ते सांगते, कारण मी काही हरिश्चंद्राच्या घराण्यातली नाही. मघाचा तो खरेपणा कुठल्या कुठे पळाला. पाट धुतला, हा आलेख पुसला, की कुणाला काही कळणार नव्हतं. ती ओढूनताणून बसवलेली खोली लिहून द्यायची. सरांची चौकट भिंतीवर राहील, मला धुळ्याची जागा मिळेल, आणि खरं सांगितलं तर दोघंही बुडणार. मी साबणाच्या पाण्यात फडकं भिजवलं, पिळलं, आणि ते हातात धरून पाटासमोर उभी राहिले. किती वेळ कुणास ठाऊक. फडक्याचं पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होतं.

दार वाजलं. नाना चहाचा ट्रे घेऊन आत आले. ट्रेमध्ये तीन कप होते, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं. नानांच्या मागे सर होते, डोक्यावर हेल्मेट तसंच. बैठक लवकर आटोपली, म्हणाले. मग पडद्याशी गेले आणि नेहमीच्या सवयीने टोकावर बोट टेकवलं.

"हा पाहुणा कोणाकडचा?"

उत्तर दिलं ते नानांनी.

"सायेब, पाट रिकामा शे. तरी पावना बठेल शे."

सरांनी उभ्या उभ्याच हेल्मेट काढलं. छताकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या हातातलं फडकं घेतलं, नळाखाली पाट स्वतः घासला, कोरा केला आणि पुन्हा मशीनमध्ये ठेवला. रिकामा. आम्ही तिघं बघत उभे होतो. रेघ वीस, पंचवीस, तीस अंश करत सपाट निघून गेली. चहावर साय धरली. सर निघाले आणि हेल्मेट टेबलावरच राहिलं.

पुढचे तीन दिवस ते आले नाहीत. वाटलं, आता म्हणतील, पाट हिनेच खराब केला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ कसं दाखवायचं? चौथ्या दिवशी सर आले, हाताने लिहिलेलं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि टाइप करायला सांगितलं. त्या परदेशी नियतकालिकाला होतं. चौथं रूप अस्तित्वात नाही, चूक माझी आहे, निबंध मागे घेतो. रांगोळी त्या लोकांना कशी कळणार म्हणून मी 'शोभेची दगडी भुकटी' अशा अर्थाचं काहीतरी घातलं होतं. सरांनी ते खोडून 'रांगोळी' असंच लिहायला लावलं. शोधू दे त्यांना, म्हणाले. जगात खळबळ वगैरे काही माजली नाही. चौथं रूप गेलं म्हणून रडायला ते आलं होतं हे तरी कुणाला ठाऊक हवं ना. त्या निबंधाचा हवाला आजवर एकाच माणसाने दिला होता, सरांनी. भिंतीवरची चौकट उतरली आणि तिथे एक स्वच्छ चौकोन राहिला.

माझी ती जागा अर्थातच गेली. प्रबंध नव्याने लिहायला वर्ष लागलं: आमच्या फिल्ममध्ये खरोखर असलेल्या दोन रूपांची रचना, आणि चौथं का नाही यावर एक अख्खं प्रकरण. सरांनी या वेळी वाक्यावाक्याला वाद घातला, पण एकदाही 'तुम्ही' म्हणाले नाहीत. सही करताना परीक्षकांच्या यादीत त्यांनी पहिलं नाव कुणाचं घातलं असेल? पुण्याच्या त्या प्राध्यापकांचं. मी कपाळावर हात मारून घेतला.

तोंडी परीक्षेला सभागृह भरलं होतं. प्राध्यापकांनी माझा प्रबंध उघडला तोच त्या प्रकरणावर. खुणेच्या चिठ्ठ्या तर पानापानाला लावलेल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, ही रांगोळी घातली कोणी. मी चाचरत म्हटलं, प्रयोगशाळेतल्या प्रथेनुसार... पहिल्या रांगेत सर उठून उभे राहिले.

"प्रथा वगैरे काही नाही. पाहुणा माझ्या घरचा होता. आवतण मीच दिलं होतं."

कुणीही हसलं नाही. प्राध्यापकांनी एकेक करून चिठ्ठ्या काढल्या आणि पुढचे प्रश्न खऱ्या दोन रूपांवर विचारले. या वेळी ते जेवायला थांबले. शेवभाजीने त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तशातच त्यांनी सरांना विचारलं, परीक्षक म्हणून मलाच का बोलावलंत? सर म्हणाले, तुमच्याइतकं डोळ्यांत तेल घालून वाचायला दुसऱ्या कुणाकडे कारण नव्हतं. प्राध्यापकांनी आणखी एक वाटी मागून घेतली.

संध्याकाळी सर स्कूटरपाशी उभे होते. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. मला आता डिग्री होती, त्यांची भीती संपली होती, जीभ सैल सुटली.

"सर, त्या दिवशी तुम्ही पाच मिनिटं उशिरा आला असतात ना, तर मी पाट धुऊन टाकला असता. फडकं भिजवलं होतं मी."

आता 'तुम्ही' ऐकायची मी तयारी ठेवली. सरांनी हेल्मेट चढवलं, पट्टा लावला.

"ठाऊक आहे. पाच मिनिटं मी दाराच्या काचेशीच उभा होतो. पडदा दिसत होता, तू दिसत होतीस. धू गं बाई, धुऊन टाक, म्हणून देवाचा धावा करत होतो."

"तरी आत आलात?" मी विचारलं.

"मग नाना चहा घेऊन आला," सर म्हणाले. "मला उभा बघून परत गेला आणि तिसरा कप घेऊन आला. आत यावंच लागलं."

त्यांनी किक मारली, स्कूटर सुरू केली आणि पिंप्राळ्याच्या रस्त्याला लागले.